चाळीस पट धाकटी मावशी

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. एकच खोटं मी सलग एकतीस वर्षं बोलले, दर रविवारी, समोरासमोर, आणि एकदाही पकडले गेले नाही. असा विक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर मला जरूर कळवा!

ते खोटं एका शब्दाचं होतं. 'छान.'

माझे वडील साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवायचे. कोणत्या साबणात कुठलं तेल किती थेंब, हे सगळं त्यांच्या नाकावर चालायचं, म्हणून सगळा कारखाना त्यांना 'नाकसाहेब' म्हणायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली मागची खोली बळकावली आणि तिथे एकशे नव्वद बाटल्या मांडल्या. पानांची तेलं, सालींची तेलं, मुळांची, बियांची, लाकडाची. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, मी लहान असल्यापासूनच, दर रविवारी सकाळी ते कागदाची एक अरुंद पट्टी माझ्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, "सांग, कसा आहे?"

मी पुस्तकातून मान वर न काढता सांगायचे, "छान."

कारण मला वास येत नाही. अजिबात नाही. गुलाब आणि रॉकेल माझ्या दृष्टीने सख्खी भावंडं आहेत!

अकरा वर्षांची असताना मला मोठा ताप आला आणि जाताना तो वास घेऊन गेला. मी हे सांगणारच होते. पण मी बरी झाले त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या मापाचा पांढरा एप्रन शिवून आणला. त्याला पट्ट्या ठेवायला छोटा खिसासुद्धा होता. कारखान्यात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "पोरीचं नाक माझ्याहून तल्लख आहे. माझ्या खुर्चीत तीच बसणार." म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या एकतीस वर्षं लांबला. मोठी झाल्यावर मी ग्रंथालयात नोकरी धरली आणि घरात पुस्तक हातातून सोडेनाशी झाले. बाबांना वाटलं असणार, मुलीला आपल्या कामात रस नाही. मी तसं वाटू दिलं. रस नाही म्हटलं की लोक गप्प बसतात. नाक नाही म्हटलं की डॉक्टरकडे नेतात.

शेवटच्या साध्या रविवारीही हेच झालं. बाबांनी पट्टी धरली. मी म्हणाले, "छान." त्यांनी पट्टीकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. मग दुसरा चहा मागितला, आईने साखर कमी घातली म्हणून कुरकुर केली आणि शब्दकोड्यातला एक शब्द माझ्याकडून उसना घेतला. सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे आई तीन उत्तरांवर जगत होती. 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथे'.

चौथ्या आठवड्यात कारखान्याचे मालक घरी आले. सोबत बाबांबरोबर तीस वर्षं काढलेले फोरमनकाका होते.

"शोकसभा ठेवतोय," मालक म्हणाले. "पण साहेबांचा तो वास हवा. वर्धापनदिनाचा."

वर्धापनदिनाला बाबा दरवर्षी एक खास मिश्रण करायचे. हॉलमध्ये पाऊल टाकलं की माणसं आपापसांतली भांडणं विसरायची, असं सगळे सांगत. मी अर्थातच 'छान' म्हणत असे.

"बाहेरून कुणाला तरी..." मी म्हणाले.

"बाहेरून?" फोरमनकाका उडालेच. "अगं, नाकसाहेबांची मुलगी घरात असताना?"

"मी पुस्तकवाली आहे हो, काका!"

"नाक पुस्तक वाचून जात नसतं!"

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आईने मान वर केली. "तो वास पुन्हा एकदा आला तर बरं वाटेल गं," ती म्हणाली.

तीन आठवड्यांतलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य! आता त्यावर 'मला जमणार नाही' म्हणणारी मुलगी कुठे मिळते?

"करते," मी म्हणाले. आणि मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं! सूत्र वहीत असेल, थेंब मोजता येतात, सुगंधी तेलांवरची पाच जाडजूड पुस्तकं मी ग्रंथालयात कधीच वाचून ठेवली होती. मला कोणत्या तेलात कोणता रेणू आहे हे पाठ होतं. फक्त वास तेवढा राहिला होता!

वही सापडली. सूत्रही सापडलं. ते असं होतं:

'चुलतभाऊ वीस थेंब. धाकटी मावशी पंधरा. मामा दहा. मोठी आत्या एकच, तीही जपून.'

म्हणजे, बाबा बाटल्यांवर तेलांची नावं लिहितच नसत. माणसांची लिहीत! चुलतभाऊ म्हणजे संत्र्याच्या सालीचं तेल: येतो, सगळ्यांना मिठ्या मारतो आणि पाच मिनिटांत निघतो. रेणू हलका, लगेच उडणारा. मामा म्हणजे देवदाराचं तेल: जड रेणू, सगळे गेले तरी बसून असतो. मोठी आत्या म्हणजे लवंग. हे सगळं मागच्या पानांवर व्यवस्थित लिहिलेलं होतं. धाकटी मावशी म्हणजे लव्हेंडर. ती खोलीत आली की रडणारं मूलही गप्प होतं.

खरी मोठी आत्या, बाबांची बहीण, तेव्हा आमच्याकडेच राहायला होती आणि माझ्या खांद्यावरून वाचत होती. "मी जपून? मी एकच थेंब? दादा असं लिहून गेला?"

"आत्या, लवंगेचं तेल फार जोरकस असतं गं. एका थेंबात घर भरतं. मोठेपणाच आहे तो."

"आणि त्या मावशीला पंधरा! नेहमीचंच आहे तुमचं. तिकडची माणसं पंधरा, इकडची एक!"

मी कपाट उघडलं. चुलतभावाचं बूच सैल राहिलं होतं. संत्र्याचं तेल फळीवर ओघळलं होतं आणि या तेलाला डिंक विरघळवायची भारी हौस! शेजारच्या तीन बाटल्यांची लेबलं गळून फळीवर पडली होती. 'धाकटी मावशी', 'रजेवरचा कारकून' आणि 'शेजारचे मास्तर'. समोर तीन बोडक्या बाटल्या. तिन्हींत फिकट पिवळं तेल. नाक असलेल्या माणसाचं काम अर्ध्या मिनिटाचं!

मी अत्यंत सहज आवाज काढला. "आत्या, यातली मावशी कुठली वाटते गं तुला?"

"मला काय विचारतेस? तुझ्या आईकडची माणसं मला नाही बाई ओळखू येत!" आत्याने पदर खोचला आणि ती तरातरा निघून गेली.

मी तिन्ही बाटल्या उजेडात धरल्या. हलवल्या. एक थेंब बोटावर घेऊन चोळला. तिन्ही मावश्याच! शेवटी माझ्यातली ग्रंथपाल पुढे आली. एखादं पुस्तक तीन कपाटांपैकी कुठल्या कपाटात आहे हे माहीत नसेल, तर आम्ही काय करतो? तिन्ही कपाटं उघडतो! मी तिन्ही बाटल्यांतून पंधरा-पंधरा थेंब घ्यायचं ठरवलं. म्हणजे मावशी आत असणारच! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आता प्रश्न प्रमाणाचा. सूत्र मागच्या खोलीत करून बघायच्या मापाचं होतं. मी हॉलची लांबी, रुंदी, उंची मागवून घेतली आणि गुणाकार केला. हॉल चाळीस पट मोठा. म्हणून सगळं चाळीस पट. चाळीस आत्या एका हॉलला जरा जास्त वाटल्या, पण गणित हे गणित!

त्या कपाटात खालच्या कोपऱ्यात एक छोटी बाटली होती. तिच्यावर लिहिलं होतं 'वाळवी'. बाबा मला वाळवी म्हणायचे, दिवसरात्र पुस्तकं खाते म्हणून. मी ती उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. माझ्या नावाचं तेल, आणि ते कसं आहे हे मला सोडून जगात कुणालाही कळलं असतं. मी कपाट लावून घेतलं.

शोकसभेच्या दिवशी हॉलमध्ये चार मोठे कूलर होते. मी चारींच्या पाण्यात मिश्रण ओतलं. उरलेलं काय करायचं? व्यासपीठाच्या मागे फोरमनकाकांनी स्वतः थर्माकोलची अक्षरं कापून, सोनेरी रंगवून लावली होती: 'नाकसाहेब, तुमचा सुगंध अमर आहे'. मी शिडीवर चढले आणि अक्षरांवर ब्रशने मिश्रणाचा छान हात फिरवला. सगळीकडे एकसारखा झाला नाही. 'अमर'वर जरा जास्त पडला.

सहा वाजता हॉल भरला. कूलर सुरू झाले. आणि काय सांगू, पाच मिनिटांत अख्ख्या हॉलने खिशातून रुमाल काढले! पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक माणूस रुमालात तोंड खुपसून बसला होता. कित्येकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बाबांवर लोकांचं इतकं प्रेम होतं! मला गहिवरून आलं.

"कसा झालाय, काका?" मी फोरमनकाकांना विचारलं.

काकांनी रुमाल किंचित बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं आणि परत नाकावर दाबला. "छान," ते म्हणाले.

"मालक?"

मालकांनी एकदा दाराकडे पाहिलं. "छान. फारच... छान."

पॅकिंग विभागातल्या बायका म्हणाल्या, "छान हो, ताई." हिशेबनीस म्हणाले, "छान." त्यांच्या बायकोने तर मान हलवूनच सांगितलं, तिला तोंड उघडवेना. आणि तेव्हा माझे कान टवकारले. हा 'छान' मी ओळखत होते. एकतीस वर्षांचा माझा पेटंट माल होता तो!

नाकसाहेबांच्या मुलीने लावलेला वास. त्याला वाईट म्हणायची हिंमत कुणाची होणार?

तेवढ्यात खिडकीतून एक मांजर आत आलं. काळं-पांढरं, गंभीर, निमंत्रणपत्रिका खिशात असल्यासारखं. ते सरळ पहिल्या कूलरपाशी गेलं, जाळीवर गाल घासला आणि पाठीवर आडवं झालं. मागोमाग दोन आली. मग पाच. मालक भाषणाला उभे राहिले तेव्हा मी चौदापर्यंत मोजली होती.

"नाकसाहेब म्हणजे..." मालक म्हणाले आणि एक पिवळं मांजर त्यांच्या बुटावर लोळायला लागलं. "नाकसाहेब म्हणजे आमच्या कारखान्याचा प्राण! त्यांच्याकडे सगळेच ओढले जात!" दुसरं मांजर पँट धरून वर चढलं. मालक खरे मालक. ते थांबले नाहीत. आदरापोटी त्यांनी सकाळी माझ्याकडून मिश्रण मागून रुमालावर आणि कोटावर शिंपडून घेतलं होतं. तिसरं मांजर खांद्यावर पोचलं आणि त्यांचा कान चाटू लागलं.

"त्यांची आठवण," मालक डोळे मिटून म्हणाले, "अमर आहे!"

आणि त्यांच्या मागे 'अमर' विरघळला!

आधी 'म' खचला. मग 'अ' गुडघ्यांत वाकला. 'र' तर चिकाची धार होऊन भिंतीवरून खाली उतरला. संत्र्याच्या सालीतला रेणू थर्माकोलला साखर पाण्यात विरघळावी तसा विरघळवतो, हे मी तिसऱ्या पुस्तकात वाचलं होतं! पान एकशे बारा! आठवलं ते आत्ता! मग 'सु' निखळला आणि मालकांच्या दुसऱ्या खांद्यावर, जिथे मांजर नव्हतं तिथे, पडला. भिंतीवर उरलं: 'नाकसाहेब, तुमचा गंध आहे'.

"थांबा!" मागच्या रांगेतून आवाज आला. आमच्या शेजारचे निवृत्त भूमितीचे मास्तर उभे होते. त्यांच्या खुर्चीत, खांद्यावर आणि डोक्यावर मिळून सहा मांजरं होती. "हे माझं तेल आहे!"

"मास्तर, खाली बसा, सभा आहे," कुणीतरी म्हणालं.

"कसा बसू? खुर्चीत जागा कुठे आहे! साहेबांनी मला डासांसाठी करून दिलं होतं. एका रोपाचं तेल आहे, त्याने डास पळतात. पण मांजरं लांबून धावत येतात! साहेब म्हणायचे, मास्तर, अगदी तुमच्यासारखंच तेल आहे. माणसं टाळतात, मांजरं सोडत नाहीत! पण मी दोन थेंब लावतो हो. दोन! इथे किती ओतलंय?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. सहाशे.

"आणि तो दुसरा वास?" मास्तर हुंगत म्हणाले. "ओल्या मोज्यांचा?"

तो रजेवरचा कारकून होता. झोप यावी म्हणून वापरतात त्या मुळाचं तेल. तेसुद्धा सहाशे थेंब. मांजरांना तेही भलतंच आवडतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मावशी बिचारी या दोघांच्या मधे कुठेतरी चेंगरली होती.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मांजरंसुद्धा! आणि पहिल्या रांगेतून एक आवाज आला.

"शी! काय घाण वास आहे गं हा!"

आई. नाकावर पदर धरून, डोळे विस्फारून.

"मोजे उकळलेस की काय? अगं, हे असते तर..." ती थांबली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, रडणार. आणि आई हसली. आधी पदराआड, मग उघड, मग खुर्चीचा हात धरून. तिने मालकांच्या खांद्यावरच्या मांजराकडे बोट केलं, दुसऱ्या खांद्यावरच्या 'सु'कडे बोट केलं, आणि तिला पुढचं बोलताच येईना. फोरमनकाकांनी नाकावरून रुमाल काढला आणि तेही हसले. मग हिशेबनीस, मग पॅकिंगच्या बायका. मालकांनी डोळे उघडले, मांजराला नीट दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "खरं सांगू का ताई, मी मघापासून श्वास रोखूनच भाषण करतोय!"

कुणीतरी कूलर बंद केले. कुणीतरी सगळ्या खिडक्या उघडल्या. उरलेली सभा अंगणात झाली, सव्वीस मांजरांच्या उपस्थितीत. मोठ्या आत्याने फक्त एवढंच विचारलं, "त्यात मी किती होते?" चाळीस, असं कळल्यावर तिचं समाधान झालं.

घरी आल्यावर आई सरळ मागच्या खोलीत गेली. मी दारात उभी राहिले. साडीला तेल लागलेलं होतं, म्हणून एक मांजर माझ्या मागोमाग आलं होतं आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसलं होतं.

"आई, मी खरं म्हणजे..."

"माहीत आहे," आई म्हणाली. "तुला वास येत नाही."

"तुला कसं कळलं?"

"तू चौदा वर्षांची होतीस. दूध करपून घर धुराने भरलं आणि तू ओट्याशेजारी बसून वाचत होतीस."

"पुस्तकात गुंग होते."

"यांनाही आधी तसंच वाटलं. मग दुसऱ्या रविवारी त्यांनी तुझ्यापुढे कोरी पट्टी धरली. तेल लावलंच नव्हतं. तू म्हणालीस, छान."

"कोरी?" मी विचारलं.

"त्यानंतर प्रत्येक रविवारी ती पट्टी कोरीच असायची. आत येऊन मला सांगायचे, 'आजही छान म्हणाली.' मी म्हणायची, सांगून टाका ना तिला. तर म्हणायचे, 'तिला सांगायचंय तेव्हा ती सांगेल. आपण विचारत राहायचं.'"

म्हणजे माझा तो एकतीस वर्षांचा विक्रम तीन वर्षांतच मोडला होता. उरलेली अठ्ठावीस वर्षं बाबा खोटं बोलत होते, तेही माझ्याहून कितीतरी सफाईने!

आईने कपाट उघडलं, खालच्या कोपऱ्यातून 'वाळवी' काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "उघड. हिचा वास घ्यायचा नाही, असं म्हणायचे." आणि ती चहा टाकायला निघून गेली.

मी बूच काढलं. सवयीने काहीच होणार नाही असं धरून चालले होते. आणि नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत एक गार रेघ सरकत गेली. डोळ्यांतून पाणी आलं. पुदिन्याचं तेल. त्यातला रेणू नाकातल्या थंडी कळणाऱ्या नसांनाच जाऊन हलवतो; त्याला वास येण्याची गरजच नसते. हेही मी वाचलं होतं. चौथं पुस्तक. पान मात्र आठवलं नाही.

खुर्चीतलं मांजर माझ्याकडे बघत होतं. मोठ्याने बोलायला मला थोडी लाज वाटली. पण त्या दिवशी मी मांजरांसमोर याहून मोठे पराक्रम केलेले होते.

"थंड आहे, बाबा," मी म्हणाले. "मला वास येत नाही. अकरा वर्षांची असल्यापासून. पण तुमचं काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही. तुम्ही पट्टी धरायचात ना, तेव्हा मी वाचत नसायचे. नुसती पानं उलटायचे."